ढावलोसाठी घेतलेला रस्ता

"लगन ठरल्याबिगर ढावलो कोणी शिकवते काय?" असं तांड्यातल्या म्हाताऱ्या याडीनं हसत विचारलं आणि त्या क्षणी माझं सगळं बदललं. तिथवर कसा पोचलो ते सांगतो.

ज्योती माझ्या कॉलेजातली. मी सरांशी भांडून मधेच कॉलेज सोडलं. ती शिकत राहिली आणि महागावजवळच्या आपल्या तांड्यातल्या बंजारा गाण्यांचा अल्बम करायला बसली. गाण्यांसोबत फिल्म हवी होती. त्यात माणसं नकोत, फक्त तिथलं रान. तिचा फोन आला आणि मी मित्राचा कॅमेरा मागून निघालो. काम संपायच्या आत तिला मनातलं सांगायचं, एवढंच डोक्यात होतं.

यवतमाळहून आर्णीमार्गे सरळ एसटी आहे. मी रान बघायला म्हणून दारव्ह्याकडून गेलो. या वाटेनं जीप बदलत जावं लागतं, भाडंही जास्त पडतं. बाजाराच्या दिवशी तर जाऊच नका. ड्रायव्हरनं ट्रायपॉड टपावर बांधला म्हणून मी त्याच्यावर ओरडलो. तो म्हणाला, "मांडीवर घ्या मंग, भाऊ. लेकरू आहे तुमचं." जीपभर हशा. दिग्रसला आलुबोंडा-रस्सा जरूर खा. मी मात्र अर्धा टाकून पुढची जीप गाठली.

कापसाची पांढरीशुभ्र शेतं टिपायची असं मी घरूनच ठरवून निघालो होतो. पण ते बोंडअळीचं वर्ष. बोंडं उमललीच नव्हती, उमलली त्यात कवडी, म्हणजे किडून पिवळा पडलेला कापूस. कुठे उभ्या पऱ्हाटीत गुरं सोडलेली, कुठे रोटावेटर फिरत होता. घाबरून ज्योतीला फोन केला, दाखवण्यासारखं काहीच नाही म्हणालो. ती म्हणाली, जसं आहे तसं घे.

तांड्यावर राहायची सोय तिच्या काकांकडे झाली. ज्वारीची भाकर, मिरचीचा ठेचा, आणि संध्याकाळी अंगणात गाणी. तांड्यातली सगळ्यात म्हातारी बाई, जिला सगळे याडी, म्हणजे आई म्हणतात, ती ज्योतीला ढावलो शिकवत होती. लेक सासरी निघताना एकेकाच्या गळ्यात पडून रडत गाते ते गाणं. मला वाटलं, अल्बमसाठीच चाललंय.

आवाज मीच टिपत होतो. ज्योतीचा सूर मधेच तुटायचा, मी परत म्हणायला लावायचो. दुसऱ्या संध्याकाळी चिडून बोललो, जरा खरं वाटू दे ना. बायका पदर तोंडाला लावून हसल्या. मी याडीलाच धारेवर धरलं, हिला लहानपणीच काहून नाही शिकवलं? तेव्हा ती लगनाचं ते वाक्य बोलली.

ज्योती माइकची वायर गुंडाळत होती. मान वर न करता म्हणाली, "मले वाटलं तुले समजलं असंन. तांड्यात तर सगळ्यायले समजलं."

सकाळी मी तांड्यातून बाहेर जाणाऱ्या रस्त्याच्या वळणावर कॅमेरा लावला. दोन्हीकडे वाळकी पऱ्हाटी. कोणी आलं नाही, कोणी गेलं नाही. तेवढंच घेऊन घरी परतलो.

घरी एडिटिंग करताना ढावलोचं गाणं रागानं काढून टाकलं, परत टाकलं. शेवटी तोच रस्ता ठेवला, आणि आवाज जिथे तुटतो तोच टेक. पाठवून दिलं आणि फोनकडे बघत बसलो. उत्तर येईना.

तिनं फोन केला तो लग्नाच्या आदल्या दिवशी. "रस्ता चांगला घेतला तू," म्हणाली. मग म्हणाली, "उद्या येजो. पण कॅमेरा आणू नको. उद्या मले पुन्हा म्हणता नाही येणार."

लोक विचारतात, तिकडे बघण्यासारखं काय आहे? मला ते वळण आठवतं. जे सांगायला गेलो होतो ते तसंच राहिलं.

लग्नाच्या सकाळी जावं की नाही हे महागावची गाडी सुटायची वेळ होईपर्यंत ठरत नव्हतं. सवयीनं मित्राचा कॅमेरा खांद्याला अडकवला होता. तो काढून टेबलावर ठेवला, बाहेर आलो आणि दार ओढून घेतलं.