खतावरून अनवाणी

अमरावती म्युनिसिपालटीचा कचरा गावाबाहेर बडनेऱ्याच्या वाटेवरच्या डेपोत पडे. तिथला कारभार पाहणारे दरोगा शेषराव. हाताखाली सहा गाडीवान, सहा बैलजोड्या. १९३९च्या चैत्रात कमिटीचा कागद आला: डेपोचा खर्च झेपत नाही. मृगापूर्वी दोन जोड्यांच्या कडब्याचे एकशे वीस रुपये डेपोनेच उभे करावेत, नाहीतर त्या जोड्या विकू. जोडी गेली की गाडीवानही जाणार. शेवटची नेमणूक सहदेव आणि गोवर्धन यांची, म्हणजे तेच दोघे.

खड्ड्यांत पुरलेल्या कचऱ्याचे काळेभोर खत झाले होते. शेषरावांनी गाडीला आठ आणे भाव लावला. कोणी फिरकेना. शेवटी ते नाल्याकाठच्या सत्यभामा माळणीच्या वाडीवर गेले.

"बाई, शेणखतापेक्षा स्वस्त आहे. घेत का नाही?"

"काचा हायेत त्याच्यात, दरोगासायेब. पाय कापला तं वांगे तुमी तोडसान का?"

"चाळून देतो."

"चाळलं तं साराच गाव म्हनते. जोडे काढा अन् ढिगावरून चालून दाखवा. मंग पाहू."

दुसऱ्या दिवशी ती खरेच आली. शेषरावांनी जोडे काढले, धोतर सावरले. दहा-बारा पावलांवरच बरणीचा तुकडा टाचेत घुसला.

"झालं चाळून?" सत्यभामा म्हणाली आणि निघून गेली.

सहदेवने टाचेला चिंधी बांधली. मग मोडक्या बाजेवर तार विणून त्याने चाळणी केली. दुपारी बैल सावलीत बसत, तेवढ्या वेळात सहाही जण खत चाळू लागले. जादा मजुरी पडली नाही.

नवव्या दिवशी सत्यभामेला बोलावून शेषराव अनवाणी ढिगावरून गेले आणि परतही आले. तिने कोपरापर्यंत हात खतात घातला.

"आठ आणे लय होतात. सात."

"बाई, टाच पाहिली ना माझी?"

"म्हनून तं सात म्हनलं. नाही तं सहाच देत होतो."

तिच्यामागून इतर माळी आले. मृगापर्यंत एकशे चाळीस गाड्या खपल्या, एकसष्ट रुपये चार आणे जमले. एकच जोडी वाचली, ती गोवर्धनची. सहदेव सगळ्यांत नवा, म्हणून त्याची बाजारात गेली. शेषरावांनी कमिटीपुढे उभे राहून टाच दाखवली आणि चाळणीवर एक माणूस कायमचा मागून घेतला. पगार दोन रुपयांनी कमी, पण सहदेव राहिला.

"बैल गेले," तो म्हणाला, "आता मीच जुंपलो."