बिनटाचेचे बूट

मंगरूळपीरच्या स्टँडवर उतरले की माझी नजर अजूनही आधी लोकांच्या पायांकडे जाते. लहानपणी मला कोणाच्या तोंडाकडे पाहून बोलता यायचं नाही, म्हणून मी खाली पाहायचे, आणि खाली पाय असायचे. वर्गात कोणाचा मोजा कुठल्या बोटाशी फाटलाय, कोणत्या बाईंच्या चपलेचा अंगठा शिवलेला आहे, हे मला पाठ असायचं. त्या बाईंचं आडनाव मात्र वर्ष संपेपर्यंत लक्षात राहायचं नाही.

स्टँडच्या बाहेर कडुनिंबाखाली ताडपत्री बांधून एक काका बसायचे. चपला-बूट शिवायचे, कोणी सांगितलं तर नवीन जोडही करून द्यायचे. माझ्या शाळेच्या काळ्या बुटांना दहा वर्षं त्यांनीच टाके घातले. त्यांच्याबद्दल मला एक गोष्ट ठाऊक होती आणि ती मी कोणाला सांगितली नव्हती. त्यांच्या स्वतःच्या डाव्या चपलेची टाच कायम नवी असायची. पुढचा पंजा झिजून पार आरपार झालेला, आणि मागचा भाग कालच दुकानातून आणल्यासारखा. लहानपणीच्या कुठल्याशा तापात त्यांचा डावा पाय आखडला होता. ती टाच जमिनीला टेकतच नव्हती, त्या पायाने ते पंज्यावर चालायचे. पण ते दिवसभर बसलेले, समोर लाकडी पेटी, त्यामुळे बहुतेक गिऱ्हाइकांना हे कधी कळलं नसावं.

माझ्या आतेभावालाही कळलं नव्हतं. तो आसेगावचा. आम्ही त्याला दादा म्हणायचो. घरात शेती, आणि हा नागपूरला कपडे डिझाइन करायचं शिकत होता. ते नेमकं काय शिक्षण असतं हे आत्याला अजूनही नीट सांगता येत नाही. ती लोकांना सांगायची, "टेलरच्या वरचं हाये काही तरी." शेवटच्या वर्षाला कॉलेजात मोठा कार्यक्रम असायचा. प्रत्येकाने स्वतः डिझाइन केलेले कपडे आणि पायताण घालून सगळ्यांसमोर चालून दाखवायचं, आणि त्यावर बाहेरून आलेले लोक ठरवणार की कोणाला कामावर घ्यायचं. दादाने ठरवलं, आपण उंच तळव्याचे, बिनटाचेचे बूट घालायचे. पुढे चार बोटं जाड तळवा, आणि मागे काहीच नाही, टाच हवेत. नागपुरात कोणी करून देईना. मग तो आमच्याकडे आला.

त्याच्याकडे कॉलेजचा इंग्रजी कागद होता. त्यात मापं, कोन, काय चालेल, काय चालणार नाही, असं सगळं. दादाची शाळा गावातली, त्याला ते इंग्रजी जड जायचं आणि माझी शाळा इंग्रजीची, म्हणून तो मला सोबत घेऊन गेला. काकांनी वर्तमानपत्राच्या पानावर दादाचा पाय ठेवून पेन्सिलीने आकार काढला. मी कागद वाचून मराठीत सांगत होते. टाचेपाशी आले आणि माझा आवाज आपोआप खाली गेला.

"टाच?" काकांनी विचारलं.

"टाच नाहीच काका," दादा उत्साहात म्हणाला. त्याने चित्र पुढे केलं. "हे असं. माणूस पंज्यावर चालते. टाच वर हवेत राह्यते. लय भारी दिसते."

काकांनी चित्र पाहिलं. मग दादाकडे पाहिलं, आणि मग माझ्याकडे. मी त्यांच्या पेटीकडे पाहू लागले. पेटीमागे त्यांचा डावा पाय नेहमीसारखा दुमडलेला होता.

"लय भारी दिसते," ते म्हणाले. "बरं. आठ दिवसानं ये."

मला त्याच वेळी दादाला बाजूला घेऊन सांगता आलं असतं. मी सांगितलं नाही. शिकवणीला जाता-येता रोज ते बूट तयार होताना पाहत राहिले. काळं चामडं, वर घोट्यापर्यंत बारीक टाके, खाली रबराचे थर एकावर एक चिकटवलेले. सहाव्या दिवशी पाहिलं, काका टाच ठोकत होते. जाड, चौकोनी, छान तासलेली टाच. त्यांनी मान वर केली आणि आमची नजरानजर झाली. मी पुढे निघून गेले. घरी दादाचा दोनदा फोन येऊन गेला. त्यालाही काही बोलले नाही. काकांना काय विचारायचं आणि दादाला काय सांगायचं, या दोन्हींच्या मधे मी अडकले होते आणि अडकल्यावर मी गप्प बसते.

शुक्रवारी दादा आला. कार्यक्रम मंगळवारी.

बूट हातात घेऊन त्याने आधी टाच दाबून पाहिली. मग म्हणाला, "काका, हे काय करून ठेवलं? टाच कायले लावली?"

"मी आजवर बिनटाचेचा जोड कोणाच्या पायात घातला नाही."

"अहो पण मले तसाच पायजे होता. सांगतलं होतं ना तुमाले. चित्र देलं होतं."

"देलं होतं."

"मंग? माह्यं वर्ष जाईन ना आता."

काकांनी पेटी बाजूला सरकवली आणि डावा पाय पुढे घेतला. चप्पल काढून उलटी धरली. झिजलेला पंजा, कोरी टाच. "हे पाह्य," ते म्हणाले. "पन्नास वर्षं झाले, मी बिनटाचेचा चालून राह्यलो. पोट्टे मांगून नक्कल करत चालत. तू पैसे देऊन तेच करून मांगून राह्यला. मले वाटलं, मजाक करून राह्यला लेक."

दादाचा चेहरा उतरला. मी त्याला कधी असा पाहिला नव्हता. "काका, आईच्यान, मले माईतच नव्हतं," एवढंच तो म्हणाला. आणि मग माझ्याकडे पाहून, "तुले माईत होतं?"

मी हो म्हणून मान हलवली. आता दोघंही माझ्याकडे पाहत होते. बोलायचं तर आत्ताच, नाहीतर हे दोघं असेच उठतील, दादा टाचेचे बूट घेऊन नागपूरला जाईल आणि ती चप्पल काकांच्या हातात तशीच उलटी राहील, असं मला वाटलं.

"काका," मी म्हणाले, "याला टाच नसताना चालताच येत नाही. घरी फळीवर उभा राहून पाहिलं, दोनदा पडला. तुम्हाला येतं. तुम्ही त्याला शिकवाल का?"

काका हसले. "दहा वर्षं झाले, पोरगी आज आपल्या मनानं बोलली," ते दादाला म्हणाले, "आन् बोलली तं पुस्तकातल्या भाषेत."

त्यांनी बूट मांडीवर घेतला आणि चामडं कापायच्या रापीने टाच कापायला सुरुवात केली.

पण टाच निघाल्यावर बूट मागे बसायला लागला. हवेतला भाग वजनाने खाली झुकणार, हे काकांना आधीच माहीत होतं. "हवेत टाच धराले आंगात लोखंड लागते," ते म्हणाले. दुसऱ्या दिवशी सकाळी दादा आणि मी शेलूबाजारला गेलो. जीपमध्ये मला कांद्याच्या पोत्यावर बसायला मिळालं. तिथल्या गॅरेजात जुन्या जीपच्या कमानपाट्यातली पातळ पट्टी शोधली, मिस्त्रीने ती तापवून, वाकवून दोन तुकडे करून दिले. "कोणत्या गाडीले बसवता?" त्याने विचारलं. दादाने स्वतःचे पाय दाखवले. मिस्त्रीने पुढे काही विचारलं नाही.

संध्याकाळपर्यंत पट्ट्या आत शिवल्या गेल्या. बूट घरी आले, तेव्हा बाबा ऑफिसातून येऊन चहा घेत होते. बाबा सरकारी कचेरीत कारकून, शर्टाची इस्त्री मोडू नये म्हणून खुर्चीतही ताठ बसणारे. त्यांनी बूट उलटेपालटे करून पाहिले, मग कोणी काही म्हणायच्या आत पाय घातले आणि खिडकीचे गज धरून उभे राहिले.

"इथून कुलरवरची धूळ दिसून राह्यली," ते म्हणाले.

"मंग पुसूनच उतरा आता," आई आतून म्हणाली, आणि खरंच फडकं आणून त्यांच्या हातात दिलं. बाबांनी एका हाताने गज धरून कुलर पुसला. मी बाबांना इतकं हसताना क्वचितच पाहिलंय. आज ते घर आठवलं की बिनटाचेच्या बुटांवर उभे राहून धूळ पुसणारे बाबाच आधी डोळ्यांपुढे येतात.

रविवारी सकाळी स्टँडच्या मागच्या मोकळ्या जागेत शिकवणी झाली. आधी काकांनी बूट घातले. डाव्या बुटात पाय लहान पडला, म्हणून चिंध्या कोंबल्या. मी त्यांना पहिल्यांदाच एवढं उंच पाहत होते. ते पानटपरीपर्यंत जाऊन परत आले. लंगडणं होतंच, पण डावा पाय कुठेही डगमगला नाही. डगमगत होता उजवा, त्यांचा धडधाकट पाय.

"पाह्यलं?" ते दादाला म्हणाले. "हा उजवा भेऊन राह्यला. त्याले सवय टाचेची. तो टाच शोधते, आंग मांगं टाकते, मंग पडते. तू टाच शोधू नोको. नाहीच हाये असं समज. पंज्यावर बस, गुडघा सैल सोड."

टपरीवाला पुड्या बांधता बांधता म्हणाला, "काका, बस लागली, वरूनच चढा डायरेक."

"तुह्यी टपरी वरून बरी दिसते," काका म्हणाले. "पत्रा सडला हाये, बदल."

मग दादा. पहिल्या फेरीत त्याने काकांचा खांदा धरला. दुसऱ्या फेरीत माझा. चौथ्या-पाचव्या वेळी त्याने हात सोडले. ऊन चढेपर्यंत तो टपरी ते कडुनिंब, कडुनिंब ते टपरी चालत राहिला. काका पेटीवर बसून नुसते त्याच्या पायांकडे पाहत होते, माझ्यासारखे. मधूनच ओरडायचे, "गुडघा." बसची वाट पाहणारी दोन-तीन माणसंही मग "गुडघा, गुडघा" म्हणायला लागली.

निघताना दादाने वाकून त्यांच्या पायांना हात लावला, डाव्या पायाला आधी. काकांनी कापून काढलेल्या दोन टाचा त्याच्या पिशवीत टाकल्या. "ठेव. कधी जमिनीवर यावं वाटलं तं लावून घेजो."

मंगळवारी दादा चालला, न पडता. त्याला काम मिळालं, आता तो मुंबईकडे असतो आणि साधे कॅनव्हासचे बूट घालतो. मीही शिक्षणासाठी बाहेर पडले. त्या टाचा तो आमच्याकडेच विसरून गेला; त्यांपैकी एक आमच्या कुलरच्या स्टँडखाली आहे, त्याचा एक पाय आखूड होता म्हणून. दुसरी कुठे गेली, कोणालाच आठवत नाही.

कार्यक्रमाचा व्हिडिओ दादाने मला पाठवला होता. तो काकांना दाखवायला मी एकटी गेले होते. आपणहून, कोणाचं काम नसताना कडुनिंबाखाली जाऊन उभं राहण्याची ती माझी पहिलीच वेळ. काकांनी चष्मा पुसला आणि फोन अगदी डोळ्यांजवळ धरला. दिवे, संगीत, दादाने शिवलेला लांब कोट, यातलं काही त्यांनी पाहिलं नसावं. त्यांचं बोट पडद्याच्या खालच्या कडेवर फिरत होतं. तीनदा पाहिला.

"डावा चांगला पडून राह्यला," ते म्हणाले. "उजवा भेतेच अजून."

मग फोन माझ्या हातात देत म्हणाले, "बस अशी. उभी कायले?" मी त्यांच्या समोरच्या पोत्यावर बसले. माझ्या सँडलचा पट्टा सैल झाला होता. तो त्यांनी न विचारताच काढून घेतला आणि शिवायला सुरुवात केली. मी तिथे बराच वेळ बसले आणि काहीबाही बोलत राहिले. काय बोलले ते आता आठवत नाही. पण पाहत मात्र त्यांच्या तोंडाकडे होते.