वाठोरे मिस्त्रींची दोषनोंद

वाठोरे मिस्त्रींच्या शेजारी दोन मिनिटं शांत बसलं की टिकटिक ऐकू यायची. नवा माणूस त्यांच्या मनगटाकडे बघायचा. तिथे घड्याळ नसायचं. मग तो भिंतीकडे बघायचा. मिस्त्री त्याची फार वेळ फजिती होऊ द्यायचे नाहीत. शर्टाच्या खिशावर बोट ठेवून सांगायचे, "हितं हाय. हैद्राबादेत काळजाचा व्हॉल बदलला. ओरिजनल खराब झाला होता." एवढ्यावर थांबतील तर ते मिस्त्री कसले. रक्त पातळ करायची गोळी किती वाजता घेतात, नांदेडला रक्त तपासलं तेव्हा गेल्या खेपेचा आकडा किती आला, हे सगळं ते भाजीवालीलासुद्धा सांगत. ती बिचारी कोथिंबिरीची जुडी हातात धरून ऐकत राहायची.

वसमतच्या एस.टी. आगारात त्यांनी तीस वर्षं मेकॅनिकचं काम केलं. मी गावातल्या ज्युनिअर कॉलेजात इंग्रजी शिकवायचो आणि आईला घेऊन त्यांच्या शेजारी भाड्यानं राहायचो. आपला आजार असा चारचौघांत कशाला मांडायचा, असं मी त्यांना एकदा विचारलं. त्यांनी मला आगारातल्या रजिस्टरची गोष्ट सांगितली. संध्याकाळी गाडी आत आली की ड्रायव्हरनं तिचे दोष त्यात लिहायचे असतात. पण लिहिलं की गाडी अडकते, चौकशी होते, घरी जायला उशीर होतो. म्हणून पुष्कळ जण 'दोष नाही' लिहून मोकळे होतात. "लिवलेला दोष मारत न्हाई, सर," मिस्त्री म्हणाले. "झाकलेला मारतो."

हे नुसतं बोलणं नव्हतं. एका महाशिवरात्रीला औंढ्याला जाणाऱ्या जादा गाड्या सुटत होत्या. स्टँडवर मुंगीला शिरायला जागा नव्हती. मिस्त्री ऑपरेशन करून कामावर आल्याला सहा महिनेही झाले नव्हते. भरलेली एक गाडी फलाटावरून मागे येताना त्यांनी ऐकली आणि सरळ तिच्या मागे जाऊन उभे राहिले. ब्रेक एका बाजूला ओढतोय, गाडी जाणार नाही, म्हणाले. साहेब ओरडले, भाविक ओरडले, कुणीतरी नागनाथाची शपथ घातली. मिस्त्रींनी किल्ली काढून खिशात टाकली आणि पाना घेऊन गाडीखाली शिरले. पाऊण तासानं गाडी गेली. रजिस्टरात त्यांनी ब्रेकचा दोष तारखेनिशी लिहिला, तो कुणी झाकला होता हे मात्र लिहिलं नाही. गाडी दुरुस्त झाली, आता नाव कशाला, असा त्यांचा हिशेब.

प्रज्ञा ही त्यांची एकुलती एक मुलगी. ती नववीत असताना तिची आई गेली. तेव्हापासून तिची वेणीफणी, डबा, अभ्यास सगळं मिस्त्रींच्या ग्रीस लागलेल्या हातांनी झालं. स्कॉलरशिपवर ती इंजिनीअर झाली आणि नवऱ्याबरोबर जर्मनीला एका मोटारीच्या कारखान्यात लागली. मिस्त्री निवृत्त झाल्यावर दोन वर्षांनी, दोन हजार पाचच्या सुमारास, तिचा फोन आला की तिला दिवस गेलेत. रक्तदाब वाढल्यामुळे डॉक्टरांनी विमानप्रवासाला मनाई केली होती. सासू अंथरुणाला खिळलेल्या सासऱ्यांना सोडून जाऊ शकत नव्हती.

आपल्याकडे पहिलं बाळंतपण माहेरी होतं. मिस्त्रींनी फोन ठेवला आणि माझ्या आईला येऊन सांगितलं, "पोरीला माहेरी येता येत न्हाई तर माहेर तिकडं जाईल." आईला वाटलं, कुणी मावशी-आत्या जाणार. कोण जाणार म्हणून तिनं विचारलं. "मीच की. दुसरं कोण हाय तिला?"

आई आधी पदर तोंडाला लावून हसली. दुसऱ्या दिवसापासून तिनं त्यांची शिकवणी सुरू केली. मिस्त्री वही घेऊन बसत. हळिवाचे लाडू, शेपूची भाजी, बाळंतकाढा, लेकराच्या टाळूला तेल किती आणि कसं, सगळं वर्कशॉपच्या शिस्तीत क्रमांक घालून लिहून घेत. न्हाऊ घालताना मान कोणत्या हातात धरायची हे त्यांनी उशीवर आठवडाभर घोटलं. गावात चेष्टा व्हायचीच. स्टँडवरचा चहावाला त्यांना बाळंतीणबाई म्हणायला लागला आणि मिस्त्री त्याला खुशाल ओ देत.

अडलं ते विम्याशी. जर्मनीच्या व्हिसाला प्रवासाचा आरोग्य विमा सक्तीचा होता. विमा नाही तर व्हिसा नाही, व्हिसा नाही तर बाळंतपण नाही. विमानात बसायला त्यांच्या हैद्राबादच्या डॉक्टरांची हरकत नव्हती. हरकत होती ती विमावाल्यांची. नांदेडच्या दोन एजंटांपुढे मिस्त्रींनी खुर्चीत बसता बसताच व्हॉलची हकिगत सुरू केली आणि दोघांनीही त्यांना चहा पाजून वाटेला लावलं. तिसऱ्यानं मला बाजूला घेतलं. म्हाताऱ्याला बोलू देऊ नका, आजाराच्या रकान्यात 'नाही' लिहा, कोण बघतंय, म्हणाला. इंग्रजी फॉर्म मी घरी आणला. मिस्त्रींनी माझ्यावर भरवसा ठेवून सही केली. मी 'नाही' लिहिलं.

मला ते खोटं वाटलंच नाही. बाप लेकीकडे जायला निघालाय, मध्ये एक रकाना आडवा येतोय, तो मी बाजूला सारला, इतकंच वाटलं. चार दिवसांत पॉलिसी आली. मुंबईच्या जर्मन वकिलातीतल्या व्हिसाच्या तारखेला चौदा दिवस होते. मी पेढे घेऊन गेलो. मिस्त्रींनी पेढा बाजूला ठेवला आणि कागद वाचून दाखवा म्हणाले. मी वरवर वाचलं आणि मधलं पान, अर्जाच्या प्रतीचं, तसंच उलटलं. त्यांनी ते परत सरळ केलं आणि एका ओळीवर काळपट नखाचं बोट ठेवलं.

"हार्ट मला वाचता येतं, सर. हैद्राबादच्या माझ्या सगळ्या कागदावर ह्योच शब्द हाय. त्याच्यापुढं 'नो' काहून लिवलं?"

मी एजंटचं म्हणणं सांगितलं. काही होणार नाही, झालंच तर बघू, असंही म्हणालो. ते रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी ते पान माझ्यासमोर सरकवलं.

"मला कायबी झालं तर विमावाले पयलं हेच पान उघडतील," मग ते म्हणाले. "म्हणजे ही गाडी माझ्या पोरीच्या दारात जाऊन बंद पडंल. आन् धक्का मारायला कोण उतरंल? वली बाळंतीण उतरंल."

मला तोंड वर करवेना. आयुष्यात मला पुष्कळ जण बोलले आहेत, पण असं कुणी लागेल तिथं बोललं नाही.

दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीनं आम्ही नांदेडला कंपनीच्या कचेरीत गेलो. तिथे एक मध्यमवयीन अधिकारी बाई होत्या. मिस्त्रींनी जय भीम घातला, पॉलिसी टेबलावर ठेवली आणि ही खोट्या माहितीवर निघालीय, परत घ्या, म्हणून सांगितलं. बाईंनी चष्मा काढला. भांडायला लोक प्रवासाहून परत आल्यावर येतात, जायच्या आधी कुणी आलेलं त्यांनी पाहिलं नव्हतं. फॉर्म कुणी भरला, त्यांनी विचारलं. मी तोंड उघडणार तोच मिस्त्री म्हणाले, "सही माझी हाय ना? मग म्याच भरला."

नवा फॉर्म घेतला. आजाराच्या रकान्यात एक ओळ होती. मिस्त्रींनी फुलस्केपचे दोन कागद जोडले. मराठीत त्यांनी सांगायचं आणि इंग्रजीत मी लिहायचं. कोणता भाग कधी बदलला, कोणतं औषध कधी सुरू झालं, शेवटची तपासणी कधी, काय दुरुस्त झालं, काय कायमचं तसंच राहणार. मग इंजिनांच्या आवाजानं डावा कान मंद झालाय आणि उजवा गुडघा जिना चढताना दुखतो, हेही घालायला लावलं. गुडघ्याशी आल्यावर बाईंना हसू आवरेना. गुडघा नसता घातला तरी चाललं असतं, त्या म्हणाल्या. असू द्या, मिस्त्री म्हणाले, कागदाला जागा होती.

बाईंनी अर्ज वरच्या कचेरीतल्या डॉक्टरांकडे पाठवला. नकार येऊ शकतो, हे त्यांनी बजावून सांगितलं होतं. नांदेडला पुन्हा छातीच्या तपासण्या झाल्या. एके दुपारी त्या डॉक्टरांचा माझ्या घरी फोन आला आणि त्यांनी मिस्त्रींना पाऊण तास प्रश्न विचारले. रक्ताचे गेल्या दोन वर्षांचे आकडे मिस्त्रींनी वही न उघडता सांगितले. व्हिसाच्या आदल्या दिवसापर्यंत उत्तर नव्हतं. मी मनात माझ्या त्या 'नाही'ला शिव्या घालत होतो आणि त्याच वेळी, राहू दिलं असतं तर बरं झालं असतं, असंही वाटत होतं. मिस्त्री मात्र निवांत बॅग भरत होते. हळिवाची पुडी आधी, कपडे नंतर.

दुपारी बाईंचा फोन आला. पॉलिसी मंजूर झाली होती. हृदयाच्या नेहमीच्या उपचारांचा खर्च कंपनी देणार नव्हती. अचानक जिवावर बेतलं तर धोका टळेपर्यंतचा मात्र देणार होती. नांदेडला जाऊन आम्ही कागद घेतला, तो परस्पर मुंबईच्या गाडीत बसण्यासाठीच. वाटेत ते कलम त्यांनी माझ्याकडून तीनदा वाचून घेतलं.

"म्हंजे रस्त्यात बंद पडली तर डेपोपर्यंत वढून नेतील," ते म्हणाले. "डेपोतलं काम ज्याचं त्यानं करायचं. बराबर हाय. तेवढं पुरे."

व्हिसा मिळाला. मिस्त्री गेले, पावणेतीन महिने राहिले, नातीला रोज न्हाऊ घातलं, लेकीला लाडू खाऊ घातले. घरी तपासायला येणाऱ्या जर्मन सुईणीनं म्हणे त्यांच्या वहीचे फोटो काढून नेले. परत आले तेव्हा रंग उजळला होता. जिवावर काही बेतलं नव्हतं, साधी सर्दीही झाली नव्हती. एवढी यातायात फुकट गेली म्हणून मी त्यांना चिडवलं. त्यांनी माझ्याकडे कच्च्या शिकाऊ पोराकडे बघावं तसं बघितलं. "गाडी सुखरूप आली म्हणून ब्रेक काढून ठेवता काय, सर?"

त्यानंतर चार वर्षांनी मिस्त्री गेले. दुपारी जेवून आडवे झाले ते उठलेच नाहीत. बौद्ध रीतीच्या पुण्यानुमोदनाच्या शोकसभेला आगारातले जुने लोक झाडून आले होते. प्रज्ञा लेकीला घेऊन आली होती. मला बोलायला उठवलं. मिस्त्रींच्या प्रामाणिकपणाविषयी चार वाक्यं मी घरून ठरवून आणली होती. ती बोलता येईनात. त्या फॉर्मवर 'नाही' लिहिणारा मी होतो, आणि त्या बाईंसमोर ते त्यांनी स्वतःवर घेतलं, हे मी सांगून टाकलं. मी प्रज्ञाकडे बघितलं.

"ठाऊक आहे मला, सर," ती बसल्या जागेवरून म्हणाली. "बाबा म्हणाले होते, सरांना कधी विचारू नको. ते आपणहून सांगतील."

मी खाली बसलो. जरा वेळानं मागच्या रांगेतून एक निवृत्त ड्रायव्हर उठले. वारंगा फाट्याच्या फेरीहून आल्यावर स्टेअरिंगचा दोष आपण लिहिला नव्हता, मिस्त्रींनी तो काढला आणि आपलं नाव कधी कुणाला सांगितलं नाही, असं ते हात जोडून म्हणाले. मग एक कंडक्टर उठले. मग स्टोअरचे कारकून. मेलेल्या माणसाचे गुण सांगायला आलेली माणसं एकेक उभी राहून आपापले दोष सांगत होती. इतकी खरी शोकसभा मी दुसरी पाहिली नाही.