तिनानं गुणून बघ

बाई कधी बसल्या नाहीत. अंबडच्या आमच्या छोट्या कारखान्यात वजनकाट्यांचे प्रोग्रॅम त्या उभ्यानंच लिहायच्या. त्यांच्या खुर्चीवर कायम सोल्डरिंगची तार आणि माझा जेवणाचा डबा.

आमच्या स्वस्त चिपला गुणाकार यायचा नाही. बेरीज यायची आणि आकडा दुप्पट करता यायचा. "मग आणखी काय पाहिजे?" बाई म्हणायच्या. "तेरानं गुणायचंय? एकपट घे, चौपट घे, आठपट घे, बेरीज कर. झालं." मला समजेपर्यंत त्या पुढच्या कामाला लागलेल्या असायच्या.

प्रोग्रॅम बदलायचा तर चिप अतिनील दिव्याच्या पेटीत ठेवून आधी जुना पुसावा लागे. ते थांबणं बाईंच्या जिवावर यायचं. त्या पेटीभोवती फेऱ्या मारायच्या. मूळच्या सटाण्याच्या, त्यामुळे वैतागल्या की अहिराणी सुटायची, "हाई पेटी जपी गई शे का?" म्हणजे, झोपली की काय ही पेटी?

तपासतानाही तीच घाई. दोन, चार, आठ यांनीच गुणायच्या, कारण तिथं नुसतं दुप्पट करत जायचं. बरोबर आलं की, "चला."

विंचूरच्या कांदा बाजारातली चाचणी जमली तरच कारखाना तरणार होता. मालकांनी तसं स्पष्ट सांगितलं होतं. व्यापाऱ्यांसमोर एका शेतकऱ्याच्या सारख्या भरलेल्या तीन गोण्या आल्या. एक काट्यावर ठेवली, पन्नास किलो भरली. तिन्हींचं एकूण वजन काढायला मी तीनचा आकडा दाबला. काट्यानं शंभर दाखवले.

"बाई, दोन मोजल्या. तिसरी तुमच्या मशीननं खाल्ली काय?" शेतकरी शांतपणे म्हणाला. "लय भूक हाय तिला."

सगळे हसले. बाईंना चूक तिथंच कळली. एकपटीत दुप्पट मिळवायची, तर एकपट पुसून तिच्या जागी दुप्पट लिहिली जात होती. दोन, चार, आठला मिळवायला काही नसतंच, म्हणून ती कधी दिसली नव्हती.

परत आल्यावर त्यांनी चिप पेटीत ठेवली, माझा डबा खाली ठेवला आणि खुर्चीवर बसल्या. मला ते बघवेना.

"बाई, फेऱ्या मारा ना."

"नको. त्याची घामाची गोणी होती रे."

दुसरी चाचणी कुणी दिली नाही. कारखान्याला कुलूप लागलं आणि बाई पुण्याला गेल्या. काही वर्षांनी त्यांचा फोन आला. "इथली चिप एका फटक्यात गुणते, एका फटक्यात पुसलीही जाते. वाट बघायला काही उरलं नाही, करमत नाही." मग म्हणाल्या, "तू तिनानं गुणून बघतोस ना?"

बघतो. नव्या काट्यावर मी आधी पन्नास किलो ठेवतो आणि तीन दाबतो. समोर दीडशे उमटेपर्यंत मला काही बसवत नाही.