सेपालिकाने नापास केलेले डोळे

सेपालिका कुरुप्पू कोलंबोच्या एका नेत्रपेढीत एकोणीस वर्षं डोळे तपासत होती. मेलेल्या माणसाच्या बुबुळावरची पारदर्शक चकती दिव्याखाली धरायची, पेशी मोजायच्या, डाग शोधायचे, आणि जराशी शंका आली की बाजूला ठेवायची. तिने पास केलेल्या चकत्या कराचीला गेल्या, कैरोला गेल्या, आणि खराब निघाली म्हणून एकही परत आली नाही. याचा तिला गर्व होता. का नसावा? लोक तर नव्या पडद्यांचासुद्धा गर्व करतात.

जुलैत अंबलंगोडाकडच्या एका गावातून पियतिलक मास्तरांचे डोळे आले. शहात्तर वर्षांचे गृहस्थ, विशीतच नेत्रदानाचा फॉर्म भरलेले. सेपालिकाने दिवा लावला आणि तिच्या मनात पाल चुकचुकली. दोन्ही चकत्यांवर अगदी मधोमध पांढरट जाळी. वयाने पेशी कमी होतात, अशी जाळी धरत नाही. तिने दुसऱ्यांदा बघितलं, तिसऱ्यांदा बघितलं, आणि कागदावर लिहिलं : रुग्णाला बसवण्यास अयोग्य.

इथवर ठीक होतं. पण आमच्याकडे माणूस गेल्यावर सातव्या दिवशी भिक्षूंना दान असतं, आणि त्यांचं जेवण झालं की नेत्रपेढीचं पत्र सगळ्या गावासमोर वाचतात. मास्तरांच्या बायकोचा, सोमलता अम्मांचा, दोनदा फोन येऊन गेला होता. "दोन माणसांना दिसायला लागलं, एवढंच कानांनी ऐकू दे, बाळा. मग मी सुखाने झोपेन."

पत्रांवर सही करणारे हेवागे सर म्हणाले, "लिहून टाक गं, दोघांना दृष्टी मिळाली म्हणून. म्हातारीचं पुण्य काय तू मोजायला जाणारेस?"

"मोजायचीच नोकरी करते मी, सर. त्यांनी मनापासून दिलं, तिथेच पुण्य झालं. त्यावर खोटं कशाला शिंपडायचं?"

"मग जा, तूच जाऊन सांग. शिव्या खाऊन ये पोटभर."

"जाते."

आणि गेली की! पांढरी साडी नेसून, बसने, हातात स्वतःच लिहिलेलं चार ओळींचं आभाराचं पत्र घेऊन. भिक्षूंचं जेवण आटोपलं, फणसाच्या भाजीची पातेली मागे गेली, आणि सगळे व्हरांड्यात चटईवर बसले. मास्तरांच्या जावयाने पत्रासाठी हात पुढे केला. सेपालिकाने पत्र दिलं नाही. ती सोमलता अम्मांजवळ जाऊन बसली आणि त्यांचा हात हातात घेतला.

"अम्मा, मास्तरांचे डोळे कुणालाच बसवले नाहीत. मीच नापास केले. दोन्हींवर जाळी होती."

मास्तरांची बहीण फणकारली, "दानाच्या दिवशी घरात येऊन हे सांगायचं? हिची जीभ तरी कशी रेटली!"

सोमलता अम्मांना राग नाही आला. त्यांना ते खरंच वाटेना. "जाळी कशी असेल? चार वर्षं रोज संध्याकाळी मी माझ्या हाताने थेंब घालायचे. आपल्या वैद्यांचे, मधातले. भिक्षूंच्या पात्रात आपण डागी आंबा वाढतो का? मग डोळे तरी मळके कसे द्यायचे, असं हे म्हणायचे."

आपलं दान चोख असावं म्हणून एक माणूस चार वर्षं रोज डोळ्यांची आग सोसत होता. सेपालिकाला संताप आला तो त्या वैद्याचा. "अम्मा, ती जाळी या थेंबांनीच धरली असणार. अजून कोण घालतं हे?"

"मी घालते," त्या म्हणाल्या आणि व्हरांड्यावर नजर फिरवली. "फॉर्म भरलेले सगळेच घालतात."

एकेक हात वर झाला. मघाशी फणकारलेल्या बहिणीचा सगळ्यांत शेवटी. सोमलता अम्मांना धरून अकरा.

"आजपासून एक थेंबही नाही," सेपालिका म्हणाली. तिचा आवाज आता पेढीतल्यासारखा करडा झाला होता. "उद्या सकाळी अकराही जणांनी सरकारी दवाखान्यात डोळे दाखवायचे. बाटली माझ्याकडे द्या, ती तपासायची आहे."

थोरले भिक्षू इतका वेळ ऐकत होते. ते म्हणाले, "पत्र आणलं असशील ना? वाच."

सेपालिका उभी राहिली. चार ओळी वाचल्या. मग कागदावर नसलेली पाचवी ओळ ती मान वर करून, शब्द न् शब्द पारखून बोलली : "पियतिलक मास्तरांच्या डोळ्यांमुळे बावीस डोळ्यांवरचं संकट आज कळलं."

सोमलता अम्मांनी पदराने तोंड पुसलं.

"परत वाच," त्या म्हणाल्या.