रिकाम्या पिंजऱ्याचे सोळा सोमवार

आमच्या तुमसरच्या भजनी मंडळातले किस्से कोणी साठवत नाही. कुरड्यांच्या डब्यात चुरा साठतो तसे ते आपोआप साठतात. मी लव्हबर्डची जोडी आणायचं म्हटलं, तेव्हापासून तर डबाच भरला.

मंडळाच्या प्रमुख वत्सलाकाकूंनी पहिल्याच दिवशी निकाल दिला. "तुहा अर्धा महिना उपासात जाते. पाखराले कोण पाहीन?"

"उपास माझा आहे काकू, पाखराचा नाही."

"जमणार नाही तुले. लिहून घे."

मी लिहून घेतलं नाही. सोळा सोमवारांचा संकल्प केला आणि रिकामा पिंजरा पडवीत टांगला. जोडी व्रत संपल्यावरच; तोवर रोज सकाळ-संध्याकाळ वाटीतलं पाणी बदलायचं, तळाचा कागद बदलायचा. एक वेळ जरी चुकली, तर सोमवार पुन्हा पहिल्यापासून.

*

तिसऱ्या आठवड्यात काकू डोकावल्या. "आत कोणी नाही, मंग कागद कायले बदलवून राहिली?"

"आपण रोज नैवेद्य दाखवतो. ताटातला भात कमी झालेला कधी पाहिला का?"



*

आंबागडहून भाऊ आला. हातात खोकं, खोक्यात पोपटाचं पिल्लू, अजून पिसंही धड फुटलेली नाहीत.

"ताई, दुकानात कायले जातेस? हे ढोलीत भेटलं."

"याची माय?"

"असन तिथंच."

रानातला पोपट पाळणं कायद्यात बसत नाही, पण मी कायदा काढलाच नाही. भावासाठी वाढलेलं ताट झाकून ठेवलं. "आधी ठेवून ये, मग जेव."

संध्याकाळी परत आला, गार भात खाल्ला. "ठेवलं. मायनं टाळक्यात चोच मारली."

"बरं केलं तिनं."

*

पक्ष्यांच्या दुकानदाराने सांगितलं, धुराने या पाखरांची छाती भरते. मी धूप-कापूर अंगणात नेला. आमचे हे घाबरले. "देवासमोरचा धूप बाहेर?"

"महादेव कैलासावर उघड्यावरच बसतो. अंगणातही येईल."

मग मी मिरचीची फोडणी देताना स्वयंपाकघराचं दार लावायला लागले. त्यावर हे म्हणाले, "मी इतकी वर्षं खोकून राहिलो, तेव्हा नाही सुचलं?"

*

अकराव्या सोमवारी मंडळाची देवदर्शनाची गाडी उशिरा परतली. संध्याकाळचं पाणी चुकलं. दुसऱ्या दिवशी मी भजनात सांगितलं, आता परत पहिला सोमवार.

"एका वाटीनं काय होते?" काकू म्हणाल्या. "पिंजरा रिकामाच तर होता."

"रिकामा होता म्हणून वाचलं, काकू."

मी हट्ट सोडला नाही. सोळाच्या सोळा पुन्हा केले.

*

जोडी आली, आणि पुढच्याच मंगळवारी भजन आमच्याकडे होतं. पहिल्या अभंगाला झांजा कडाडल्या आणि दोन्ही पाखरं एकमेकांना चिकटून कोपऱ्यात गेली. पिंजरा आत न्यायला मी उठणार, तोच काकूंनी हात वर केला.

त्यांनी स्वतःची झांज पिशवीत टाकली. मग एकेकीपुढे पिशवी धरत सगळ्या झांजा गोळा केल्या, आणि पिशवी मांडीखाली घेऊन बसल्या.

"झांजेबिगर कोणतं भजन होते?" एक जण कुरकुरली.

"पाखरं नवीन आहेत," काकू म्हणाल्या. "हळू गा."