डाव्या हाताची कडी

बायकोसाठी मी सागवानी शिवणपेटी केली होती. झाकणाला नाजूक पितळी कडी मात्र अमरावतीत कुठंच मिळेना. सगळीकडे कपाटांच्या धटिंगण कड्या. शेवटी पेटी पिशवीत घातली अन् एसटीनं अकोला गाठलं.

तिथं एका बोळात जुनं सामान विकणारा म्हातारा बसला होता. पुढ्यात तेलाचे कापलेले डबे, त्यांत कड्या, बिजागऱ्या, स्क्रू. पहिल्याच डब्यात मला हवी तशी कडी दिसली. पिशवीतून पेटी काढून ती झाकणावर धरली, तर तो म्हणाला, "पेटी उघडीन कोन?"

मी चिडलोच. "बायको. काहून?"

"मी हात पाहून कडी देतो, लाकूड पाहून नाई."

मग सांगावं लागलं. अर्धांगवायूनंतर तिचा उजवा हात चालत नाही. डाव्या हातानं टाके घालायला शिकून राहिली आहे.

त्यानं माझ्या हातातली कडी काढून घेतली. स्वतःचा उजवा हात पाठीमागं नेला. मला एकेक कडी पेटीवर धरायला लावून तो डाव्या अंगठ्यानं उघडून पाहू लागला. पाच-सहा नापास झाल्या. शेवटी एक मळकी लोखंडी कडी अंगठ्याच्या एका धक्क्यात उघडली.

"हे न्या. दिसाले बेकार हाये, पन बाईले कोनाले हाक माराव नाई लागन."

स्क्रूही त्यानंच आवळून दिले.

परतीच्या एसटीत मी उजवा हात मांडीखाली दाबून ती पेटी उघडत-मिटत बसलो. महिनाभर मापं घेत होतो. हे एकदाही करून पाहिलं नव्हतं.